आसनातला दोरा : ट्रॉन्डहाइम २०२५

शनिवार, ८ मार्च २०२५. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम शहरालगतच्या ग्रानोसेन स्की केंद्रात योहानेस क्लेबोने ५० किलोमीटरची शर्यत जिंकली आणि एकाच जागतिक स्पर्धेत सहापैकी सहा सुवर्णपदकं खिशात घातली. नॉर्डिक स्कीइंगच्या, म्हणजे स्कीवरच्या लांब शर्यती आणि स्की जंपिंग यांसारख्या खेळांच्या, जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत हे आजवर कुणाला जमलं नव्हतं. आधीचा विक्रम पाच सुवर्णांचा, रशियाच्या येलेना व्याल्बेचा, आणि गंमत म्हणजे तोही १९९७ साली याच ट्रॉन्डहाइममध्ये झालेला. क्लेबो याच गावात वाढलेला पोरगा. ‘आम्ही पायाला स्की बांधूनच जन्माला येतो’ असं नॉर्वेजियन लोक स्वतःबद्दल म्हणतात, आणि त्या दुपारी त्यांना ते म्हणायचा पूर्ण अधिकार होता.

त्याच आवारात, काही तासांनी, मोठ्या टेकडीवरची पुरुषांची स्की जंपिंग स्पर्धा झाली. नॉर्वेचा मारियस लिंडविक दुसरा आला, योहान आंद्रे फोरफांग पाचवा. मग दोघांचे सूट तपासायला घेतले गेले, शिवण उसवली गेली आणि आत एक दोरा सापडला. नेहमीच्या दोऱ्यापेक्षा कडक. लिंडविकचं रौप्य गेलं, फोरफांगचं नाव निकालातून उडालं, आणि क्लेबोच्या विक्रमाच्या बातमीशेजारी जगभर दुसरी बातमी छापून आली: यजमानांनी फसवणूक केली.

मराठीत ‘प्रकरण’ म्हणजे पुस्तकातला भागही आणि ‘प्रकरण’ म्हणजे भानगडही. या दोऱ्याच्या बाबतीत दोन्ही अर्थ लागू पडतात. डोपिंग नाही, पैशांची देवघेव नाही, पंचांना फितवलेलं नाही. नुसती सुई आणि दोरा. पण त्या सुईदोऱ्याभोवती या खेळातले सगळे जुने प्रश्न येऊन बसले आहेत, म्हणून हे प्रकरण सावकाश उलगडून बघावं असं वाटतं.

कापड का एवढं महत्त्वाचं

स्की जंपिंग आपल्याकडे बहुतेकांना हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी टीव्हीवर दोन-चार मिनिटं दिसतं, तेव्हा हिशेब थोडा सांगायला हवा. खेळाडू उतारावरून ताशी नव्वदच्या आसपास किलोमीटरने खाली येतो, टोकावरून स्वतःला हवेत झोकून देतो आणि पुढचे काही क्षण अक्षरशः हवेवर झोपतो. ग्रानोसेनची मोठी टेकडी ‘एचएस १३८’ वर्गातली, म्हणजे १३८ मीटरच्या आसपास उतरणं ही तिथली मोठी उडी. प्रत्येक टेकडीवर एक ठरावीक बिंदू आखलेला असतो. तिथे उतरलं की ६० गुण. मोठ्या टेकडीवर त्यापुढच्या दर मीटरला १.८ गुण जास्त, अलीकडे राहिलं तर तितकेच वजा. याशिवाय पाच पंच शैलीचे गुण देतात, प्रत्येकी जास्तीत जास्त २०. सर्वात वरचा आणि सर्वात खालचा आकडा काढून टाकतात आणि उरलेले तीन मिळवतात. वारा अनुकूल होता की प्रतिकूल, खेळाडू ज्यावरून सुटतो तो सुरुवातीचा बार वर होता की खाली, याचे गुणही हल्ली मिळवले-वजा केले जातात. एवढं सगळं मोजून पहिल्या पाचांतलं अंतर बऱ्याचदा एखाद-दोन मीटरच्या उडीइतकंच उरतं.

हवेत असताना खेळाडूला वर धरून ठेवणाऱ्या गोष्टी तीनच: स्की, शरीर आणि सूट. स्कीची लांबी उंचीच्या प्रमाणात बांधलेली आहे, जास्तीत जास्त १४५ टक्के, आणि तीही वजन पुरेसं असेल तरच. कारण एके काळी खेळाडू उपाशी राहून हाडांचे सापळे होत होते. हलका माणूस लांब उडतो हे साधं गणित. मग नियम आला की वजन कमी तर स्की तोकडी. शरीराची वाट अशी बंद झाल्यावर उरलं कापड.

हा सूट म्हणजे साधं घट्ट जर्किन नव्हे. पाच थरांचं, ४ ते ६ मिलिमीटर जाडीचं ते कापड असतं. त्यातून हवा किती आरपार जायला हवी याचाही आकडा ठरलेला आहे: एका चौरस मीटरमधून सेकंदाला किमान ४० लिटर. हवा कमी जाणारं कापड शिडासारखं फुगतं, म्हणून ही अट. सूट अंगापेक्षा किती सैल असावा, तेही सेंटिमीटरमध्ये. आणि सगळ्यात नाजूक माप म्हणजे दोन पायांच्या मधल्या जागेचं. आपले शिंपी ज्याला पॅन्टचं आसन म्हणतात, तेच. आसन जरा खाली उतरलं की पाय फाकवल्यावर दोन मांड्यांमध्ये कापडाचा एक पडदा ताणला जातो. उडत्या खारीच्या पायांमध्ये असतो तसा. पडदा मोठा तर हवेचा आधार मोठा.

किती मोठा? २०२५च्या शरद ऋतूत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुटाचा घेर दोन सेंटिमीटरने वाढवला तर काय होतं याचं उत्तर काढलं होतं: हवेचा अडथळा सुमारे ४ टक्के कमी, उचल सुमारे ५ टक्के जास्त आणि उडी साधारण ५.८ मीटर लांब. म्हणजे दहाहून अधिक गुण, दोन बोटं कापडात. ट्रॉन्डहाइमच्या दोऱ्यामुळे नेमके किती मीटर वाढले हे या आकड्यावरून निघत नाही, ती वेगळी गोष्ट आहे. पण त्या रात्री सुई हातात घेणाऱ्यांच्या डोक्यात काय हिशेब असेल, ते कळतं.

शुक्रवारची रात्र

त्या हंगामात आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने, म्हणजे फिसने, सुटांच्या बाबतीत एक कडक उपाय आणला होता. खेळाडूने मोसमात किती सूट वापरायचे यावर मर्यादा, प्रत्येक सूट आधी तपासून घ्यायचा, आणि पास झालेल्या सुटात चिप बसवायची. चिप वाचली की कळतं: हा तोच सूट, अमक्याचा, तपासलेला. कल्पना चांगली होती. बदलाबदलीला आळा बसला.

पण चिप काय सांगते, हे जरा नीट पाहिलं पाहिजे. ती सांगते की हे कापड तेच आहे. कापड जसंच्या तसं आहे, असं ती सांगत नाही. घराच्या दाराला मोहोर लावली आणि खिडकी उघडी ठेवली, तसला प्रकार.

७ मार्चला, शुक्रवारी संध्याकाळी, नॉर्वेच्या चमूच्या हॉटेलातल्या एका खोलीत शिलाई मशीन चालू होतं. यात वरवर आश्चर्य काहीच नाही. स्की जंपिंगचा प्रत्येक मोठा संघ हिवाळाभर शिलाई मशीन बरोबर घेऊन फिरतो. सूट फिटिंगला आणणं, शिवण धरणं, सैल करणं हे रोजचंच काम. प्रशिक्षकांतले कितीतरी जण पट्टीचे शिंपी झालेले असतात. फरक फक्त वेळेचा होता. चिप बसायच्या आधीचा टाका ही कारागिरी आणि चिप बसल्यानंतरचा टाका ही लबाडी. दोन्ही टाके दिसायला सारखेच. दोन्हींना सुई तीच.

या खोलीत पडद्याआडून कुणीतरी चित्रीकरण केलं. चोरून. चित्रफितीत सुटांवर काम चाललेलं दिसतं आणि मुख्य प्रशिक्षक माग्नुस ब्रेव्हिग तिथेच हजर असलेले दिसतात. शनिवारी स्पर्धेच्या आधीच ही फीत समाजमाध्यमांवर पसरली होती. पहिल्यांदा बघणाऱ्याला त्यात काही कळणारही नाही: माणसं वाकून काहीतरी शिवत आहेत, बस्स. पण स्की जंपिंगमधल्या माणसाला तारीख आणि वेळ कळल्यावर उरलेलं सांगावं लागत नव्हतं. हे सूट आता या वेळी कुणाच्याही हातात असायलाच नको होते.

ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया आणि पोलंड या तीन देशांनी लेखी तक्रार केली. हे तिघेही या खेळात मुरलेले, आणि स्वतःही शिवणकामात कच्चे नाहीत. त्यामुळे काय शोधायचं आणि कुठे शोधायचं हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

तपासणीचं इथलं दृश्य मला सगळ्यात बोलकं वाटतं. नेहमीची मापं घेतली तर सूट पास होत होता. चिप होती. बाहेरून बघून काही उमगत नव्हतं. शेवटी तपासनिसांना सूट उसवायला लागला, आणि आसनाच्या शिवणीत तो कडक दोरा निघाला. त्याचं काम असं की आसनाची जागा ताठ राहावी, हवेत तिचा आकार मोडू नये, पडदा सैल न पडता ताणलेला राहावा. शर्टाच्या कॉलरीत बकरम घालतात ना, त्याच जातीची युक्ती. फक्त इथे कॉलरीऐवजी पंख ताठ करायचा होता.

निकाल बदलला. सुवर्ण आधीपासूनच स्लोव्हेनियाच्या डोमेन प्रेवत्सचं होतं, ते त्याच्याकडेच राहिलं. ऑस्ट्रियाचा यान हॉर्ल तिसऱ्याचा दुसरा झाला आणि जपानचा रियोयू कोबायाशी चौथ्याचा तिसरा. ज्या क्षणी पदक मिळायला हवं होतं तो क्षण कोबायाशीच्या हातून निसटून गेलेला होता. पदक मात्र मिळालं.

कबुली आणि तिच्या कडा

रविवारी नॉर्वेच्या स्की जंपिंगचे प्रमुख यान एरिक आल्बू पत्रकारांसमोर आले आणि ही फसवणूकच आहे, असं त्यांनी स्पष्ट मान्य केलं. आपल्याकडच्या क्रीडा संघटनांच्या पत्रकार परिषदा पाहिलेल्या माणसाला एवढं सरळ बोलणं जरा चमत्कारिकच वाटतं. ब्रेव्हिग आणि साहित्याची जबाबदारी असलेले एड्रियन लिव्हेल्टन यांना लगेच निलंबित केलं गेलं. ब्रेव्हिग मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिलाच हंगाम काढत होते. लिंडविक आणि फोरफांग यांनी मात्र आपल्याला काहीच माहीत नव्हतं असं सांगितलं. ठाऊक असतं तर असल्या सुटात उडीच मारली नसती, असा त्यांचा सूर होता.

कबुली जितकी स्पष्ट तितकीच नेमकी आखलेली होती, हेही बघायला हवं. दोन सूट, एक रात्र, एक स्पर्धा. त्यापलीकडे काही नाही. आता हे खरं असू शकतं. पण अशा वेळी समोरच्याच्या मनात पहिला प्रश्न कोणता येतो? पहिल्यांदाच केलं आणि पहिल्यांदाच पकडले गेले, असं आपल्या गल्लीतला पोरगाही सांगतो. इतर संघांनी हा प्रश्न मोठ्याने विचारला, कारण सहाच दिवसांपूर्वी, २ मार्चला, लहान टेकडीवरचं सुवर्ण याच लिंडविकने जिंकलं होतं. जर्मनीचा आन्द्रेआस वेलिंगर दुसरा होता आणि तिसरा पुन्हा हॉर्लच.

फिसने नॉर्वेच्या चमूचे सूट जप्त केले. चारच दिवसांत लिंडविक, फोरफांग, ब्रेव्हिग, लिव्हेल्टन आणि सहायक प्रशिक्षक थॉमस लोबेन या पाचांवर तात्पुरती बंदी आली. पाठोपाठ आणखी तीन नॉर्वेजियन खेळाडूंवरही. हंगाम अजून संपलेला नव्हता आणि पुढचा मुक्काम ओस्लोच्या होल्मेनकोलेनला होता, म्हणजे पुन्हा नॉर्वेच. यजमानांची अवस्था काय झाली असेल ते सांगायला नको. फिसने तिथून मोसम संपेपर्यंतचा नियम असा केला की प्रत्येक खेळाडूला एकच सूट, तो फिसच्या ताब्यात राहील आणि उडीच्या आधी हातात मिळेल. शाळेत परीक्षेला उत्तरपत्रिका वाटतात, अगदी तसं. इतकी वर्षं मापांचे आकडे बारीक करत बसलेल्या यंत्रणेने शेवटी काय केलं, तर कपाटाला कुलूप लावलं. मला वाटतं, चिपेपेक्षा हा उपाय जास्त शहाणपणाचा होता, कारण खरा प्रश्न सूट कुठला हा नव्हताच, सूट रात्री कुणाजवळ असतो हा होता.

इथे कुंपण कुठे आहे

या खेळाची बाजूही ऐकून घ्यायला हवी, नाहीतर नॉर्वेच्या त्या खोलीतली माणसं कार्टूनमधल्या खलनायकांसारखी दिसायला लागतात.

स्की जंपिंगचा इतिहासच चलाखीने घडलेला आहे. १९८०च्या दशकात स्वीडनचा यान बोकलोव्ह हवेत स्कीची टोकं इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी फाकवायला लागला. तोवर दोन स्की समांतर ठेवणं म्हणजेच सौंदर्य असं मानत. पंच त्याचे शैलीचे गुण कापत राहिले, तो लांब उड्या मारत राहिला आणि १९८८-८९चा विश्वचषक घेऊन गेला. आज सगळेच तसे उडतात. २०१० साली व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये स्वित्झर्लंडच्या सिमोन अम्मानने स्कीच्या बांधणीत, म्हणजे बूट स्कीला अडकवतात तिथे, वाकडी पिन वापरली. ऑस्ट्रियाने आरडाओरडा केला, फिसने पिन वैध ठरवली, अम्मान दोन्ही वैयक्तिक सुवर्णं घेऊन गेला आणि पुढे तसल्या पिना सर्रास झाल्या. म्हणजे नियमाच्या कडेवरून चालणारा इथे मूर्ख ठरत नाही, बऱ्याचदा तोच पुढचा नियम ठरवतो. मग कडेपलीकडे पाय पडला तर एवढा गहजब कशाला, असं कुणी विचारेल.

फरक आहे, आणि तो बारीक नाही. बोकलोव्हची ‘व्ही’ हजारो लोकांना दिसत होती. अम्मानची पिन उघड होती, म्हणूनच तर तिच्यावर आक्षेप घेता आला. ट्रॉन्डहाइमचा दोरा शिवणीच्या आत होता, रात्री घातलेला होता आणि कधीच दिसू नये म्हणून घातलेला होता. जी युक्ती प्रतिस्पर्ध्याला दिसली तर उद्या तोही करेल, ती खेळाला पुढे नेते. जी दिसली तर आपलं पदक जाईल, ती युक्ती नव्हे.

आणखी एक गोष्ट नॉर्वेच्या पारड्यात टाकायला हवी, बाजूने नव्हे, विरुद्ध. ७ फेब्रुवारी २०२२, बीजिंग ऑलिंपिक. मिश्र सांघिक स्की जंपिंग पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये होत होतं आणि त्या एका संध्याकाळी पाच महिला खेळाडू सुटाच्या मापावरून बाद झाल्या: जपानची सारा ताकानाशी, ऑस्ट्रियाची डॅनिएला इराश्को-श्टोल्झ, जर्मनीची कॅथरिना आल्थाउस आणि नॉर्वेच्या दोघी, आना ओदिने स्ट्रोम आणि सिल्ये ओप्सेथ. रडारड, संताप, तपासणीच्या पद्धतीवर आरोप, सगळं झालं. सूट सैल ठरणं किती अपमानास्पद असतं हे नॉर्वेला परक्याने सांगायची गरज नव्हती. तीन वर्षांनी आपल्याच घरी, आपल्याच हाताने, त्यांनी ते ओढवून घेतलं.

शिक्षा कुणाला किती

ऑगस्ट २०२५मध्ये फिसने तपासाचा निष्कर्ष जाहीर केला. ३८ साक्षीदारांशी बोलणं झालं होतं, पुराव्याच्या ८८ गोष्टी तपासल्या होत्या. नंतर बंदी आलेल्या त्या तीन खेळाडूंवरचा संशय सोडून देण्यात आला. लिंडविक आणि फोरफांग यांच्याशी तडजोड झाली: प्रत्येकी तीन महिने बंदी, २००० स्विस फ्रँक दंड. तात्पुरत्या निलंबनात गेलेले दिवस त्या तीन महिन्यांतच धरले गेले. साहजिकच नवा हंगाम, ऑलिंपिकचा हंगाम, त्यांना पहिल्या दिवसापासून मोकळा होता.

या तडजोडीतलं एक वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. दोघांना शिवणीतल्या फेरफाराची माहिती नव्हती, हे फिसने मान्य केलं; पण रात्री सुटांवर काय काम चाललं आहे हे त्यांनी तपासायला आणि विचारायला हवं होतं, असंही म्हटलं. शिक्षा त्या न विचारण्याची.

इथे थोडं थांबू. जो माणूस आयुष्यभर अंगावरच्या कापडाच्या एकेका सेंटिमीटरचा विचार करतो, ज्याला आसनात जरासा बदल झाला तर हवेत पहिल्याच सेकंदाला जाणवतं असं या खेळातले लोक सांगतात, त्याला ताठ केलेलं आसन कळलं नाही? कळलं नसेलही. नवा सूट, मोठी स्पर्धा, घरचे प्रेक्षक. अशा दिवशी सगळंच वेगळं वाटतं. आणि पुरावा नसताना माणसाला दोषी धरू नये, यात वाद नाही. तरी ‘माहीत नव्हतं’ आणि ‘माहीत करून घेतलं नाही’ यांच्यामधल्या फटीत तीन महिने बसवणं, आणि त्यातलेही काही दिवस आधीच भोगलेले, हे मला तरी हिशेब मिटवून टाकण्यासारखं वाटलं. वेळेवर दुकान उघडायचं होतं, म्हणून जुनी वही बंद केली.

ब्रेव्हिग, लिव्हेल्टन आणि लोबेन यांनी तडजोड केली नाही. त्यांचं प्रकरण फिसच्या नैतिकता समितीकडे गेलं आणि जानेवारी २०२६मध्ये तिघांनाही १८ महिन्यांची बंदी सुनावली गेली. नॉर्वेने दरम्यान नवा मुख्य प्रशिक्षक नेमला होता, रुने व्हेल्टा. हा स्वतः २०१५चा जगज्जेता.

आपल्याला यासारखं एक प्रकरण पाठ आहे. मार्च २०१८, केप टाउन, ऑस्ट्रेलियाचा कॅमेरॉन बँक्रॉफ्ट आणि पँटमध्ये लपवलेला सँडपेपर. तिथेही कॅमेऱ्यानेच पकडलं. तिथेही पुरावा पँटमध्येच सापडला, हा निव्वळ योगायोग. पण शिक्षेची वाटणी बघा. क्रिकेट ऑस्ट्रेलियाने स्मिथ आणि वॉर्नरला वर्षभर, बँक्रॉफ्टला नऊ महिने बाहेर बसवलं. प्रशिक्षक डॅरेन लेहमनला काही ठाऊक नव्हतं असा निष्कर्ष निघाला, तरी त्याने राजीनामा दिला. ट्रॉन्डहाइममध्ये बरोबर उलटं: प्रशिक्षकांना दीड वर्ष, मैदानावर उतरलेल्यांना तीन महिने. क्रिकेटमध्ये चेंडू खेळाडूच्या हातात असतो. स्की जंपिंगमध्ये खेळाडू सूट घालतो, पण सूट त्याचा नसतो. तो संघाच्या शिलाई मशीनचा असतो. कदाचित या उलटापालटीचं उत्तर एवढंच आहे. मला ते पूर्ण पटत नाही, पण नाकारताही येत नाही.

त्यानंतर

फिसने नव्या मोसमासाठी साहित्य तपासणीचं काम मॅथियास हाफेले या ऑस्ट्रियनाकडे दिलं. हा स्वतः जंपर होता आणि नंतर पोलंडच्या संघाचं साहित्य सांभाळत होता. शिवणीच्या आडवाटा ज्याला तोंडपाठ त्यालाच नाक्यावर उभं केलं, आणि यात हुशारी आहे. फुटबॉलसारखी कार्डंही आली. साहित्यात चूक सापडली तर बाद, आणि वर पिवळं कार्ड. दुसऱ्यांदा सापडली तर लाल, म्हणजे पुढची स्पर्धा घरी बसून बघायची.

परिणाम फार वाट न बघता दिसला. डिसेंबर २०२५ची अखेर, जर्मनीतलं ओबर्स्टडॉर्फ, चार टेकड्यांच्या मानाच्या मालिकेचा पहिला दिवस. स्लोव्हेनियाचा टिमी झायत्स दुसरा आला आणि बाद झाला, सूट ३ मिलिमीटर तोकडा म्हणून. भाताच्या दाण्याच्या लांबीपेक्षा कमी. पुढच्याच मुक्कामी, गार्मिशला, तो पुन्हा सुटावरूनच बाद झाला आणि लाल कार्ड घेऊन त्यापुढच्या इन्सब्रुकच्या स्पर्धेला मुकला. स्लोव्हेनिया म्हणजे ट्रॉन्डहाइमला तक्रार करणाऱ्यांपैकी एक. यात कुणी कुणाचा सूड घेतला असं नाही. टेप आंधळा असतो आणि आता तो सगळ्यांना सारखाच लागतो आहे.

राहिला प्रश्न २ मार्चचा. लहान टेकडीवरच्या त्या निकालाला हात लावला गेला नाही. मिश्र सांघिकमधलं नॉर्वेचं सुवर्णही तसंच आहे, पुरुषांच्या सांघिकमधलं कांस्यही. तक्रार ८ मार्चच्या सुटांची होती, उसवले गेले तेही ८ मार्चचेच सूट. ट्रॉन्डहाइम २०२५च्या निकालपत्रात त्यामुळे लिंडविक दोनदा सापडतो: एका पानावर सगळ्यात वर, वेलिंगर आणि हॉर्लच्या डोक्यावर, आणि सहा दिवसांनंतरच्या पानावर सगळ्यात खाली, जिथे नावापुढे अंतर नसतं, गुण नसतात, फक्त ‘बाद’ असतं.